आईच्या हाडांतलं शिसं

गेल्या वर्षी माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी सांगलीला माहेरी आली. सातवा महिना लागला होता. तिच्या पर्समध्ये पाटीवर लिहायच्या पेन्सिलींचा पुडा दिसला, म्हणून मी सहज विचारलं. लाजून म्हणाली, "अब्बा, खावीशी वाटते." डोहाळे म्हणून घरातल्या बायका हसल्या. माझी अम्मी, वय वर्षं ब्याऐंशी, ती तर आपल्या दख्खनीत म्हणाली की तुझ्या बापाच्या वेळी मी भिंतीचे पोपडे खायची. आणि त्याच आनंदात तिनं कपाटातून पितळेची सुरमादाणी काढली, पदरानं पुसली आणि नातीपुढं ठेवली. छट्टीच्या दिवशी बाळाच्या डोळ्यांत घालायला. आमच्या घरातल्या प्रत्येक बाळाच्या डोळ्यांत त्या सुरमादाणीतला सुरमा गेलेला आहे.

दुसऱ्या दिवशी तपासणीला गेलो. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला. हिमोग्लोबिन साडेआठ. त्यांनी विचारलं, "माती, खडू, पेन्सिल असलं काही खातेस का?" मुलगी गप्प. मग दुसरा प्रश्न, "घरात सुरमा वापरता?" मला वाटलं, बाई आमचं नाव वाचून विचारताहेत. खरं सांगतो, जरा रागच आला. तो त्यांना दिसला असावा. त्या म्हणाल्या, "तुमच्या आधी ज्या बाई गेल्या, त्यांना मी काजळ आणि शेंदूर विचारला. तुम्हाला सुरमा विचारते. मला शिसं शोधायचंय."

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीला संपला. शिसं म्हटलं की मला आधी शिसपेन्सिल आठवते, आणि गंमत अशी की शिसपेन्सिलीत शिसं नसतंच. असतं ते ग्रॅफाइट, म्हणजे कार्बन. नावात शिसं आहे आणि वस्तूत नाही. सुरम्याचं बरोबर उलटं. सुरमा म्हणजे अँटिमनीची भुकटी, असं जुने लोक सांगत. पण बाजारात सुरमा म्हणून जे विकलं जातं, त्यात पुष्कळदा असतं गॅलिना, म्हणजे शिसं आणि गंधक यांचं काळं, चमकदार खनिज. १९७८ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी तिथल्या आशियाई कुटुंबांतल्या मुलांचं रक्त तपासलं होतं. सुरमा लावणाऱ्या मुलांच्या रक्तात शिसं जास्त निघालं. डोळ्यातून ते फारसं आत जात नाही. लेकरू डोळा चोळतं आणि तेच बोट तोंडात घालतं. शिवाय डोळ्यातलं पाणी नाकात आणि तिथून घशात उतरतंच.

हा काही एका समाजाचा प्रश्न नाही. शेंदूर म्हणजे मुळात शिशाचाच तांबडा ऑक्साइड. देवळात मूर्तीवर असतो तोवर त्याचं काही नाही, पण भांगात भरला, हाताला लागला, त्याच हातानं बाळाला भरवलं, की तो पोटात जातो. घरी तुपाच्या दिव्यावर धरलेलं काजळ म्हणजे नुसती काजळी, त्याची गोष्ट वेगळी. पण डबीतलं काजळ कशाचं केलंय, हे डबीवर बघूनही कळत नाही.

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दहा मिनिटं काढून मला एक गोष्ट समजावली. तीच आज तुम्हाला सांगायची आहे. बाकीचं मी नंतर वाचलं.

शिसं शरीरात गेलं की शरीर फसतं. त्याला वाटतं, हे कॅल्शियमच. म्हणून ते कॅल्शियमच्या वाटेनं रक्तातून हाडांत नेऊन ठेवलं जातं. रक्तातलं शिसं महिन्या-दीड महिन्यात निम्म्यावर येतं, त्यामुळे तपासणीत सगळं ठीक दिसू शकतं. पण हाडांत गेलेलं शिसं वीस-वीस, तीस-तीस वर्षं तिथंच राहतं. एखाद्या मुलीनं पाचव्या-सहाव्या वर्षी खाल्लेली रंगाची खपली, बापाच्या कपड्यांवरून आलेली धूळ, सगळं तिच्या हाडांत जमा असतं. पुढं ती मुलगी आई होणार असते. गर्भातल्या बाळाला हाडं घडवायला कॅल्शियम लागतं, आणि आईच्या जेवणात ते पुरेसं नसेल तर शरीर तिच्या हाडांतून ते काढायला लागतं. कॅल्शियमबरोबर शिसंही सुटतं. नाळ त्याला अडवत नाही. अंगावर पाजतानाही हाडांतून हीच उचल चालू राहते.

म्हणजे गरोदरपणात त्या बाईनं सुरम्याला हात लावला नाही, रंगकाम केलं नाही, तरी तिच्या लहानपणीचं शिसं बाळाला मिळू शकतं. हे ऐकलं तेव्हा माझ्यासमोर मुलगी बसली होती, पण मनात आली ती अम्मी.

याचं कारण सांगतो. माझे अब्बा छापखान्यात जुळारी होते. आजच्या मुलांना हा शब्द माहीत नसेल. तेव्हा एकेक अक्षर म्हणजे धातूचा एकेक खिळा असे. तो उलटा वाचून, उचलून, ओळीत बसवायचा. त्या खिळ्यांत बहुतांश शिसं, बरोबर अँटिमनी आणि कथील. खिळे ठेवायच्या लाकडी केसेस असत, त्यांच्या खणांत काळी बारीक धूळ साचे. ती फुंकून काढायची. त्याच हातानं बिडी, त्याच हातानं चहाबरोबर पाव. रात्री अब्बा घरी आले की सदरा अंगणात झटकत आणि अम्मी तो हातानं धुवी. मला आणि माझ्या धाकट्या भावाला ते तुटके खिळे खेळायला आणून देत. 'अ' आणि 'म' मी त्यांच्यावरच शिकलो. जिभेला लावून बघितलेले आठवतात. माझ्या पहिल्या कविता एका साप्ताहिकात आल्या, त्या अब्बांनी स्वतःच्या हातानं जुळवल्या होत्या. घराण्याच्या अभिमानाची गोष्ट म्हणून मी ती अनेक व्यासपीठांवर सांगितली आहे.

माझा धाकटा भाऊ शाळेत मार खाणारा मुलगा. एका जागी बसायचा नाही. सांगितलेलं अर्ध्यात विसरायचा. ओळीत लिहायला बसला की दोन शब्दांनी ओळ सोडून खाली उतरायचा. मास्तरांनी प्रगतिपुस्तकात लिहिलं होतं, 'लक्ष नाही. चंचल. काम पुरे करत नाही.' घरी आम्ही सगळे त्याला मठ्ठ म्हणायचो, मीसुद्धा. सातवीत त्यानं शाळा सोडली. आता पंक्चरचं दुकान चालवतो, आणि त्याच्याइतका दिलदार माणूस आमच्या गल्लीत दुसरा नाही.

हे सांगायचं कारण एका अमेरिकन डॉक्टरचं काम. हर्बर्ट नीडलमन त्यांचं नाव. मुलांच्या शरीरात गेलेलं शिसं मोजायचं कसं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता, कारण रक्त तर थोड्याच दिवसांपूर्वीचं सांगतं. त्यांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले. आपल्याकडे पडलेला दात शेणात गुंडाळून कौलावर टाकतात. तिथं बोस्टनजवळच्या गावांतल्या मुलांनी ते डॉक्टरांना दिले. दात हाडासारखाच, शिसं साठवून ठेवणारा. मग त्यांनी शिक्षकांना त्या मुलांबद्दल विचारलं. कोणाच्या दातात किती शिसं आहे, हे शिक्षकांना ठाऊक नव्हतं. १९७९ मध्ये निष्कर्ष छापून आला. दातात शिसं जसजसं जास्त, तसतसे शिक्षकांचे शेरे वाईट होत गेले होते. मूल विचलित होतं, स्वप्नात असतं, सांगितलेलं ऐकत नाही, काम पुरं करत नाही. ही मुलं आजारी नव्हती. त्यांना कोणी दवाखान्यातही नेलं नव्हतं. बुद्धिमापनातही ती चार गुणांनी मागं होती.

ते शेरे वाचताना मला भावाचं प्रगतिपुस्तक आठवलं. त्याचं कारण शिसंच होतं असं मी म्हणत नाही. ते आता कोणालाच सांगता यायचं नाही. पण त्याला मठ्ठ म्हटलेले दिवस मला आठवले, हे मात्र खरं.

मुलांच्या बाबतीत हे एवढं नाजूक का, तर मोठ्या माणसाच्या पोटात गेलेलं शिसं बरंचसं तसंच बाहेर पडतं, लहान मुलाचं आतडं मात्र मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतं. मूल उपाशी असेल, त्याच्या अंगात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल, तर आणखी. मेंदू तेव्हा घडत असतो आणि त्याला बाहेरच्या विषापासून जपणारा पडदा पुरता तयार झालेला नसतो. शिसं रक्त तयार होण्याच्या कामातही खोडा घालतं, म्हणून पंडुरोग होतो. पंडुरोग झाला की शिसं जास्त शोषलं जातं. आणि लोह कमी झालेल्या बाईला मातीचे, खडूचे डोहाळे लागतात! हे दुष्टचक्र मला डॉक्टरीणबाईंनी कागदावर गोल काढून दाखवलं. माझ्या मुलीच्या पर्समधली पेन्सिल त्या गोलात कुठं बसते, हेही दाखवलं. गरोदर बाईच्या अंगात शिसं जास्त झालं तर रक्तदाब वाढतो, गर्भपात होऊ शकतो, बाळ दिवस भरण्याआधी किंवा कमी वजनाचं जन्मतं.

किती शिसं चालतं? पूर्वी मानत होते, पुष्कळ चालतं. अमेरिकेत १९६० च्या दशकात रक्ताच्या शंभर मिलिलिटरमध्ये साठ मायक्रोग्रॅमपर्यंत काळजी करत नसत. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. मग ही पायरी चाळीस, तीस, पंचवीस अशी उतरत १९९१ मध्ये दहावर आली, २०१२ मध्ये पाचवर आणि २०२१ मध्ये साडेतीनवर. जागतिक आरोग्य संघटना आता सांगते की शिशाचं निर्धोक असं प्रमाण माहीतच नाही. पाच किंवा त्याहून जास्त आढळलं तर कुठून येतंय ते शोधा आणि थांबवा. २०२० मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेनं जगाचा अंदाज मांडला. दर तीन मुलांमागं एकाच्या रक्तात पाचाच्या वर शिसं, म्हणजे ८० कोटी मुलं. त्यातली २७ कोटींहून अधिक भारतातली. आकडा इतका मोठा आहे की डोळ्यांपुढं काही उभं राहत नाही. वर्गात साठ मुलं धरा आणि त्यातली वीस उभी करा.

या गोष्टीत चांगली बातमीही आहे. इंजिन ठोके देऊ नये म्हणून पेट्रोलमध्ये शिसं घालत, ते धुरातून रस्त्यावर, खिडकीत, मुलांच्या तळहातावर बसे. आपल्याकडे १९९५ मध्ये चार महानगरांत शिसंविरहित पेट्रोल मिळू लागलं आणि २००० सालच्या फेब्रुवारीपासून देशभर तेच झालं. १९९७ च्या सुमारास मुंबईत तपासलेल्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलांच्या रक्तात दहाच्या वर शिसं होतं. पेट्रोल बदलल्यानंतरच्या तपासणीत असं प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास आलं. जगातला शेवटचा देश अल्जीरिया; त्यानं २०२१ मध्ये असं पेट्रोल थांबवलं. घराच्या रंगांत दहा लाख भागांत नव्वद भागांपेक्षा जास्त शिसं नसावं, हा आपला नियम २०१६ चा, लागू झाला २०१७ च्या नोव्हेंबरपासून. म्हणजे त्याआधी रंगवलेली खिडकी, पाळणा, बालवाडीचं फाटक अजून जुन्याच रंगात उभं आहे. तो रंग नुसता असला तर फार धोका नाही, पोपडे सुटले की आहे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बाळ येणार म्हणून खोली नवी करताना तो कोरडाच खरवडणं. नव्या पाळण्याच्या आनंदात आपण नेमकं तेच करतो.

मग आज शिसं येतं कुठून? जास्तीत जास्त बॅटऱ्यांतून. गाडीची, इन्व्हर्टरची बॅटरी म्हणजे शिशाच्या पट्ट्या. जुनी बॅटरी रीतसर कारखान्यात गेली तर ठीक, पण ती गल्लीत फोडून, उघड्या भट्टीत वितळवली तर धूर आणि माती दोन्ही बाटतात. सेनेगलमध्ये डाकारजवळच्या एका वस्तीत २००७-०८ च्या सुमारास अठरा लहान मुलं दगावली. तिथं बॅटऱ्यांचं शिसं वाळूत मिसळलेलं होतं आणि आया ती वाळू चाळून शिसं वेचत होत्या, लेकरं पाठीशी बांधून. जो बाप हे काम करतो, त्यानं कामाचे कपडे घरी आणू नयेत आणि हात-तोंड धुतल्याशिवाय मुलाला उचलू नये. अब्बांना हे कोणी सांगितलं असतं तर त्यांनी नक्की केलं असतं.

आता हळद. सांगलीकरापुढं हळदीबद्दल बोलायचं म्हणजे जपूनच बोललं पाहिजे. हळकुंड घासून पॉलिश करणं यात काही गैर नाही. पण निस्तेज हळकुंडाला पिवळाधमक रंग यावा म्हणून काही ठिकाणी लेड क्रोमेट चोळतात, आणि लेड म्हणजे आपलं शिसंच. बांगलादेशात गरोदर बायकांच्या रक्तात शिसं का, हे शोधताना संशोधक शेवटी हळदीपाशी पोचले. २०१९ मध्ये तिथं हे उघड झालं, सरकारनं धाडी घातल्या, दंड केले, लोकांना सांगितलं, आणि दोन वर्षांत बाजारातल्या नमुन्यांतून ती भेसळ जवळजवळ नाहीशी झाली. सरकारनं मनावर घेतलं तर एवढं होतं! घरापुरतं सांगायचं तर न रंगवलेलं, मातकट दिसणारं हळकुंड घ्यावं आणि दळून आणावं. फार पिवळं दिसतंय म्हणून खूश होऊ नये.

भांड्यांचंही पाहावं. कल्हई शुद्ध कथलाची हवी. कथील महाग म्हणून त्यात शिसं मिसळलं तर ते आमटीत उतरतं, आंबट आमटीत जास्तच. भंगार वितळवून ओतलेल्या ॲल्युमिनियमच्या भांड्यांतही शिसं सापडलेलं आहे. चिंच, टोमॅटो, कोकम अशा भांड्यात शिजवू नये, एवढं तरी करता येतं.

शिशाबद्दल बोलतोय, पण पाऱ्याचा एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. जपानमधल्या मिनामाता गावी एका कारखान्याचं सांडपाणी खाडीत जाई. त्यातला पारा माशांत, माशांतून माणसांत. १९५६ मध्ये हा रोग अधिकृतपणे नोंदला गेला. गावातल्या काही बायकांना फारसा त्रास नव्हता, पण त्यांची बाळं जन्मतःच लुळी होती. आईच्या अंगातला पारा गर्भानं ओढून घेतला होता. तोवर वैद्यकशास्त्र समजत असे की वार बाळाचं रक्षण करते. जपानी घरांत बाळाची सुकलेली नाळ डबीत जपून ठेवायची रीत आहे. पुढं त्या नाळा तपासल्या, तेव्हा त्यांत पारा निघाला. माश्यांना यासाठी घाबरायचं नाही; बांगडा, तारली असे छोटे मासे गरोदरपणी चांगलेच. मोठ्या, दुसरे मासे खाऊन वाढलेल्या माशांत पारा साठतो. कोकणात बाळंतिणीला मुशी देतात, ती शार्कच्या जातीतली. तिथं हात जरा आखडता घ्यावा.

शिशावर औषध आहे का, हे मीही विचारलं. रक्तात पंचेचाळीसच्या वर गेलं तर ते ओढून काढणारी औषधं मुलांना देतात, आणि त्यांनी जीव वाचतात. पण त्याहून कमी प्रमाण असलेल्या मुलांना तेच औषध देऊन अमेरिकेत मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००१ मध्ये आले. रक्तातलं शिसं उतरलं, बुद्धीत फरक पडला नाही. म्हणून सारा भर आधीच थांबवण्यावर. मुलीला लोह दिलं, कॅल्शियम दिलं. कॅल्शियम जेवणातून पुरेसं आलं की हाडांतून उचलायची गरज कमी पडते. दूध, नाचणी, तीळ, साधीच यादी. फरशी कोरडी झाडण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसायची. पेन्सिली तिनं लोह सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत आपणहून सोडल्या. तिच्या रक्तातलं शिसंही तपासलं. नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावा लागला. चार आलं. पाचाच्या आत, पण आहेच.

राहिली सुरमादाणी. अम्मीला सांगणं सोपं नव्हतं. ती म्हणाली, "तुम्ही पाच भावंडं यावरच वाढलात. कोण मेलं?" मी वाद घातला नाही. हळूहळू सगळं सांगितलं, छापखान्याचंही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्यांचे सदरे मी रोज धुवायची." मी म्हटलं, "अम्मी, तुला कोणी सांगितलं नव्हतं. अब्बांनाही नव्हतं सांगितलं." तिनं सुरमादाणी माझ्या हातात दिली. छट्टीला बाळाचे डोळे कोरेच राहिले. अम्मीनं त्याच्या कानात काहीतरी पुटपुटलं आणि कपाळावर ओठ टेकले, बस्स.

सुरमा टाकायचा कुठं, हा प्रश्न मात्र उरला. अम्मी म्हणाली परसात टाक; तिथं ती कोथिंबीर लावते. मोरीत ओतला तर नाल्यात, नाल्यातून कृष्णेत. शिसं कुजत नाही आणि जाळून नाहीसं होत नाही. शेवटी काचेच्या बाटलीत भरून, झाकण मेणानं बंद करून माळ्यावर ठेवला. बाटलीवर चिठ्ठी हवी होती. भाऊ आलाच होता बाळाला बघायला, त्यानं लिहिली. 'हात लावू नये. विष आहे.' पहिले दोन शब्द एका ओळीत आहेत, बाकीचे ओळ सोडून खाली उतरलेत.